टर्मिनलवरनं दोन-तीन वायफाय सांभाळायचे असले तर

खानापूरला घरचा राऊटर, टिळकवाडीत रूमचा, आणि लाईट गेली की मोबाईलचा हॉटस्पॉट, मग लॅपटॉप नको त्यालाच जोडून बसतो. उबुंटू किंवा फेडोरा डेस्कटॉप (दोन्ही लिनक्सच) असेल तर नेटवर्कमॅनेजर, म्हणजे वायफाय जोडणारा प्रोग्राम, आतच असतो, त्याची कमांड एनएमसीएलआय (टाइप इंग्रजी अक्षरातच करायची). टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' मारा, आसपासची नावं आणि सिग्नल दिसतात. जोडताना एनएमसीएलआय नंतर दोन डॅश लावून 'आस्क' घाला, पुढे 'डिव्हाइस वायफाय कनेक्ट' आणि नाव, पासवर्ड तो स्वतः विचारतो आणि हिस्टरीत (मारलेल्या कमांडच्या यादीत) राहत नाही, रूमवर एकच मशीन चौघं वापरत असला तर हे करायलाच पाहिजे बघा.

खरं काम प्रायॉरिटीचं, म्हणजे आधी कुठल्याला जोडायचं ते. 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय रूम कनेक्शन.ऑटोकनेक्ट-प्रायॉरिटी 10' (इथं 'रूम' म्हणजे सेव्ह झालेल्या कनेक्शनचं नाव), हॉटस्पॉटला -10. काहीच दिलं नसेल तर 0 धरतो, मोठा आकडा आधी. पण हॉटस्पॉटला आधीच जोडलेलं असलं तर रूमचं वायफाय परत आलं म्हणून तो आपणहून तिकडं जात नाही की, डेटा संपत राहतो, तेव्हा 'एनएमसीएलआय कनेक्शन अप रूम' आपणच मारायचं. जुन्या हॉस्टेलचं वगैरे नको असेल तर अपच्या जागी डिलीट आणि त्याचं नाव.