सायकलने ऑफिस पुन्हा सुरू करताय? दम लवकर परत येतो, गुडघे वेळ घेतात

बऱ्याच वर्षांनी सायकल बाहेर काढली की पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं एकच होतं, दोन दिवस प्रचंड उत्साह, तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, चौथ्या दिवशी "आज राहू दे" आणि मग सायकल परत जिन्याखाली. यात इच्छाशक्ती वगैरे कमी पडते असं मला अजिबात वाटत नाही. गडबड होते ती सुरुवात जिथे सोडलं होतं तिथून करायला गेल्यामुळे. डोक्याला जुना स्पीड आठवत असतो पण शरीर आजचं असतं, आणि त्या शरीरातले वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेगाने परत येतात हे कोणी सांगतच नाही.

नियमित व्यायाम सुरू केला की रक्तातला पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा पहिल्या काही दिवसांतच वाढायला लागतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांतच धाप कमी लागते आणि माणसाला वाटतं झालं, आलो आपण फॉर्मात. पण स्नायूंना हाडाशी जोडणारे टेंडन, गुडघ्याच्या आजूबाजूच्या उती, यांना रक्तपुरवठा कमी असतो आणि त्यांना ताकद यायला महिने लागतात. म्हणजे दम साथ देतोय म्हणून तुम्ही अंतर दुप्पट करता आणि नेमका तेव्हाच गुडघा बोलायला लागतो. म्हणून पहिले दोन-तीन महिने वेग आणि अंतर किती वाढवायचं हे दमाला विचारू नका, गुडघ्याला विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा नेहमीसारखा असेल तर पुढे जा, नसेल तर आहे तिथेच थांबा.

ज्यांना हृदयाचा त्रास आहे, बीपी किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत किंवा बरीच वर्षं काहीच हालचाल नव्हती त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्या, आणि चालवताना छातीत दुखलं, दाब आल्यासारखं वाटलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि लगेच मदत घ्यायची, "घरी पोचून बघू" असं करायचं नाही.

आता सायकल. पडून राहिलेल्या सायकलचं टायर बघताना फक्त हवा बघू नका, बाजूच्या रबराला बारीक चिरा पडल्यात का ते बघा. चिरा असतील तर टायर बदलाच, वरची नक्षी कितीही छान दिसत असली तरी. हवेचं किती प्रेशर पाहिजे ते टायरच्या बाजूलाच छापलेलं असतं, त्यात कमाल आकडा गाठायची काही गरज नसते, वजन कमी असेल आणि टायर रुंद असेल तर थोडी कमी हवा जास्त आरामदायक आणि पकडही चांगली. पण फार कमी हवा असली तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून पंक्चर होते. ट्यूबमधून हवा आपोआप हळूहळू जातच असते त्यामुळे आठवड्यातून एकदा पंप मारायची सवय लावा, निम्मं "सायकल जड झाली" तिथेच संपतं.

ब्रेक दाबला की लिव्हर हँडलला टेकतोय का बघा, टेकत असेल तर वायर ताणून घ्या किंवा ब्रेकचं रबर झिजलंय. चेन जुन्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब चेन ऑइल, पेडल उलटं फिरवा, थोडा वेळ थांबा आणि मग वरचं सगळं तेल पुसून टाका. पुसायचं लोक विसरतात, मग त्या तेलावर धूळ बसते आणि तीच चेन खाते. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेन ऑइल नव्हे, त्याने चेन दोन दिवस चकचकीत दिसते आणि मग कोरडी पडून कुरकुरते. आणि तेलाचा थेंब रिमवर किंवा डिस्कवर उडू देऊ नका, ब्रेक लागणार नाही. चाक आऊट असेल, हब म्हणजे चाकाचा मधला भाग डगडगत असेल, तर सरळ मेकॅनिककडे द्या.

सीटच्या उंचीवर मात्र मी थोडं थांबणार आहे कारण परत सुरुवात करणाऱ्या लोकांची गुडघेदुखी बऱ्याचदा इथूनच येते. सीटवर बसा, भिंतीला धरा, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहतो, ती उंची सुरुवातीला बरोबर. बहुतेक जण दोन्ही पाय जमिनीला आरामात टेकावेत म्हणून सीट खूप खाली ठेवतात, त्यात पेडल मारताना गुडघा फार वाकतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतं. सीट फार वर गेली तर गुडघ्याच्या मागे ताण येतो आणि कंबर डावी-उजवी हलायला लागते, मागून कोणाला तरी बघायला सांगा. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा, सीटवर बसूनच टेकला पाहिजे असं काही नाही. हाताला मुंग्या येत असतील तर सीटचं टोक खाली झुकलंय का ते बघा, त्याने सगळं वजन हातांवर येतं. बूड पहिले आठ-दहा दिवस दुखणारच, ते जातं, त्यासाठी लगेच जाड जेलची सीट घेऊ नका, फार मऊ सीटमध्ये माणूस रुततो आणि नको तिथे दाब येतो.

गिअर असतील तर हलका ठेवा. मिनिटाला साधारण ७० ते ९० वेळा पेडल फिरेल असा. जड गिअर दाबत गेलं की व्यायाम झाल्यासारखा वाटतो खरा, पण तो सगळा जोर गुडघ्यावर जातो, हलका गिअर भरभर फिरवला की काम हृदय-फुप्फुसांकडे जातं आणि ती तर लवकर तयार होतात.

पहिल्यांदाच डायरेक्ट ऑफिसला निघू नका. पहिला आठवडा नुसतं वीस-तीस मिनिटं आरामात फिरा, एक दिवस आड. मग सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या रस्त्याने एकदा पूर्ण जाऊन या, कुठे चढ आहे, कुठे वळणावर मोठ्या गाड्या दाबतात, सायकल कुठे लावता येईल, सगळं शांतपणे बघा. गाडीने जायचा रस्ता आणि सायकलचा रस्ता एकच असायची गरज नाही, दोन किलोमीटर जास्त पण शांत रस्ता असेल तर मी तोच घेईन, दरवेळी. त्यानंतर पहिला ऑफिसचा दिवस आठवड्याच्या मध्ये ठेवा, सोमवारी नको, सोमवारी कामाचाच गोंधळ असतो. आठवड्याला दोन दिवस, मध्ये एखादा दिवस सुट्टी, असं तीन आठवडे चालवा आणि मग तिसरा दिवस. अंतर खूपच असेल तर अर्धं सायकल आणि अर्धं ट्रेन-बस, किंवा आज सायकलने जा, सायकल तिथेच लावा, उद्या सायकलने घरी या, हे पण पूर्ण चालतं.

रस्त्यावर एक गोष्ट नीट समजून घ्या, पाय चालवायचं विसरत नाहीत पण ट्रॅफिक वाचायची सवय मोडलेली असते. मोकळ्या मैदानात एका हाताने चालवत मागे वळून बघायचा सराव करा, हँडल न हलवता. उभ्या गाड्यांच्या शेजारून जाताना दार उघडलं तरी लागणार नाही इतकं, साधारण एक मीटर अंतर सोडा. ट्रक-बस वळणार असेल तर तिच्या आतल्या बाजूने कधीही घुसू नका, ड्रायव्हरला तिथलं दिसतच नाही, मागे थांबा. पुढचा ब्रेक जास्त थांबवतो कारण ब्रेक मारला की वजन पुढे येतं, म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र दाबा आणि बूड थोडं मागे घ्या, आणि रिम ओली असेल तर थांबायला जास्त अंतर लागतं हे धरूनच चाला. पावसात रस्त्यावरचे रंगाचे पट्टे आणि लोखंडी झाकणं घसरडी होतात, त्यावर वळू नका. रूळ ओलांडताना जमेल तितकं काटकोनात. लाईट दिवसासुद्धा लावा, हेल्मेट रोज.

घामाचं टेन्शन सगळ्यांना असतं. दहा मिनिटं लवकर निघा आणि शेवटचा किलोमीटर अगदी हळू न्या, अर्धा घाम तिथेच वाचतो. बॅग पाठीवर न घेता कॅरिअरला लावा, पाठ कोरडी राहते. निघताना किंचित गार वाटेल इतकेच कपडे घाला. पोचल्यावर लगेच शर्ट बदलू नका, पाच-दहा मिनिटं अंग गार होऊ द्या, नाहीतर नवा शर्टही भिजतो. ताज्या घामाला फारसा वास नसतो, वास येतो तो त्वचेवरच्या बॅक्टेरियामुळे, म्हणून सकाळी आंघोळ करून निघालात आणि पोचून ओल्या नॅपकिनने पुसलंत तर बहुतेकांचं भागतं. ज्या दिवशी सायकल नाही त्या दिवशी पुढच्या दोन दिवसांचे कपडे आणि बूट ऑफिसला नेऊन ठेवा.

पंक्चर काढता आलं नाही तरी ट्यूब बदलता आली पाहिजे. स्पेअर ट्यूब, टायर लिव्हर म्हणजे टायर रिमवरून उचकटायची पट्टी, छोटा पंप जवळ ठेवा आणि घरी एकदा मागचं चाक काढून बघा, चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणली की चाक सहज निघतं. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून जपून बोटं फिरवा, काटा तिथेच राहिला असेल तर नवीही पाच मिनिटांत बसणार. कुलूप फक्त पुढच्या चाकाला लावू नका, फ्रेम आणि एखादी पक्की जमिनीतली गोष्ट एकत्र बांधा.

फिटनेसच्या टार्गेटचं मात्र कळकळीने सांगतो, सुरुवातीला किलोचं टार्गेट ठेवू नका. ७० किलोचा माणूस ताशी १६ ते १९ किलोमीटरने अर्धा तास चालवतो तेव्हा साधारण २४० कॅलरी लागतात, त्यातही थोड्या नुसतं बसून लागल्याच असत्या, आणि सायकलनंतर भूक वाढते ती वेगळीच. त्यामुळे दोन आठवडे वजनकाटा हलत नाही, कधी पाणी धरल्यामुळे वरही जातो, आणि माणूस नाराज होऊन सगळंच सोडतो, जेव्हा की आत खरंच बदल होत असतो. त्यापेक्षा टार्गेट "आठवड्यात किती दिवस" हे ठेवा, ते पूर्णपणे आपल्या हातात असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि २०२० च्या त्यांच्या सूचनांमध्ये एका वेळी किमान दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अट राहिलेली नाही. म्हणजे जाताना अर्धा तास आणि येताना अर्धा तास असे तीन दिवस केले की १८० मिनिटं झाली, वेगळी जिम लावायच्या आधीच. मध्यम म्हणजे काय, तर चालवताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही.

ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून जास्त लोकांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सायकलने कामाला जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका गाडी किंवा बस-ट्रेनने जाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४१ टक्के कमी दिसला. सगळं श्रेय सायकललाच आहे असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही, सायकल चालवणारे इतर बाबतीतही वेगळे असू शकतात, पण दिशा स्पष्ट आहे.

प्रगती बघायचीच असेल तर सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा, ती महिन्यांच्या हिशोबात हळूहळू खाली येते. रोजच्या चढावर किती धाप लागते ते बघा, कमरेचं माप घ्या. आणि आठवड्यातून दोन दिवस स्क्वॅट, पुश-अप, काहीतरी ताकदीचं कराच, कारण सायकलवर वजन सीट घेते, हाडांवर भार फारसा पडत नाही आणि वरच्या अंगाला तर जवळपास कामच नसतं.

एखादा आठवडा आजारपणात किंवा कामात गेला तर जिथे होतात त्याच्या निम्म्याने सुरू करा आणि तीन-चार दिवसांत परत त्या जागी या, बुडालेले दिवस भरून काढायला जास्त चालवू नका. ताप असताना तर नाहीच. आणि तीन दिवस अंगवळणी पडले, गुडघे महिना-दोन महिने गप्प राहिले, की मग येतानाच्या रस्त्यात आठवड्यातून एकदाच दोन-तीन मिनिटांचे तीन-चार जोरदार तुकडे टाका, मध्ये तितकाच आराम. जाताना नको, येताना, म्हणजे घामाचा प्रश्नच नाही.