पेटंट विकताना आधी हे तपासा

पेटंट विकायचं म्हणजे हक्क कायमचा सोडायचा, की फक्त वापरायची परवानगी द्यायची, हे आधी ठरवा. पहिलं हस्तांतर, दुसरं लायसन्स. मालाला गिऱ्हाईक किती लागेल याचा अंदाज नसेल, तर माझं मत लायसन्सकडे झुकतं: सुरुवातीला ठोक रक्कम घ्या आणि विक्रीवर रॉयल्टी ठेवा. मालकी तुमच्याकडेच राहते आणि एकाहून जास्त कारखान्यांना परवानगी देता येते. मात्र एकालाच 'एक्स्क्लुझिव्ह' लायसन्स दिलंत, तर हा दुसरा फायदा उरत नाही.

पेटंट दोघांच्या नावावर असेल तर जपून. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, वेगळा करार नसेल तर एक सहमालक दुसऱ्याच्या संमतीशिवाय आपला हिस्सा विकू शकत नाही आणि लायसन्सही देऊ शकत नाही. भागीदाराची लेखी संमती बोलणी सुरू करण्याआधीच घ्या. सौदा ठरल्यावर ती मागायला गेलं की नाती बिघडतात.

तोंडी शब्दावर व्यवहार नको. कलम ६८ नुसार करार लेखीच लागतो, आणि तो फॉर्म १६ भरून पेटंट कार्यालयात नोंदवावा लागतो. नोंद नसलेला कागद कोर्टात सहसा पुरावा म्हणून चालत नाही.

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. नूतनीकरणाची फी थकली असेल तर ती आधी भरा. खरेदीदार पहिली चौकशी तिचीच करतो. ग्राहक मिळत नसेल तर सरकारी एनआरडीसीकडे (नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन) विचारा, तंत्रज्ञान उद्योगांपर्यंत पोचवणं हेच तिचं काम.