कॅम्परव्हॅनमध्ये घरचा फ्रीज चालवताय? मग या चुका टाळा

व्हॅनमध्ये घरचा सिंगल डोअर फ्रीज बसवतात, पहिला मुक्काम छान जातो आणि पहाटे बॅटरी उतरली म्हणून इन्व्हर्टर टीं टीं करायला लागतो. मग सगळे फ्रीजच्या नावाने बोटं मोडतात, हा फार खातो, अजून एक बॅटरी टाकू. बॅटरीवर पैसे घालायच्या आधी हिशोब करा प्लीज. फ्रीजच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, समजा 180 असतील तर दिवसाला साधारण अर्धा युनिट झाला, मे महिन्यात तापलेल्या गाडीत कंप्रेसर जास्त वेळ चालणार म्हणून पाऊण ते एक धरा. 12 व्होल्ट 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी पाणी घालायची बॅटरी कागदावर 1.8 युनिटची, पण ती निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे हातात 0.9 युनिटच. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर 80-90 टक्के वापरता येते.

आता खरा चोर बघा, इन्व्हर्टर. मिक्सर आणि इंडक्शनसाठी घेतलेला 2000 वॅटचा इन्व्हर्टर फ्रीजसाठी दिवसरात्र चालू ठेवतात, तो लोड नसतानाही स्वतःसाठी 20 वॅट खात असेल तर 24 तासांत 480 वॅट-अवर, म्हणजे जवळपास अर्धा युनिट, लेबलवरच्या फ्रीजइतकंच! फ्रीजला वेगळा छोटा प्युअर साइन वेव्ह (घरच्या लाईटसारखा गुळगुळीत करंट देणारा) इन्व्हर्टर द्या आणि मोठा फक्त स्वयंपाकाच्या वेळी ऑन करा, माझ्या मते यापेक्षा स्वस्त उपाय नाही. छोटा म्हणजे किती, तर कंप्रेसर सुरू होतानाचा झटका झेपेल एवढा. साध्या कंप्रेसरचा झटका चालू लोडच्या कितीतरी पट असतो, इन्व्हर्टर कंप्रेसरवाला (म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा, बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा) फ्रीज हळू सुरू होतो, त्यामुळे नवीन घेणार असाल तर तोच घ्या. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालवू नका, मोटर गुणगुणते आणि तापते.

दुसरी चूक वायर. 12 व्होल्टवर 1000 वॅटला 80-90 अँपिअर लागतात आणि लोक घरातल्या फिटिंगची उरलेली वायर ओढतात. मल्टीमीटर घ्या, कंप्रेसर सुरू होताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा, इकडे 12.4 आणि तिकडे 11 दिसलं तर बॅटरी ठीक आहे, वायर बारीक आहे नाहीतर लग (वायरच्या टोकाची कडी) ढिला आहे. बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर कमीत कमी ठेवा, लांब न्यायची ती इन्व्हर्टरमधून निघणारी 230 व्होल्टची वायर न्या. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळच पाहिजे.

सुतार फ्रीजला प्लायमध्ये चपखल बसवून देतो, दिसतंही भारी, पण बऱ्याच सिंगल डोअर फ्रीजची गरम नळी बाजूच्या पत्र्याआतच असते, तिथे हवा नाही मिळाली तर कंप्रेसर बंदच होत नाही. दोन्ही बाजूंना आणि मागे दोन-तीन इंच मोकळे सोडा, वर-खाली जाळी द्या. आणि कृपा करून फ्रीजच्या अंगात स्क्रू मारू नका! आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-600ए गॅस असतो, तो पेट घेतो, ड्रिल त्या नळीत गेलं तर बंद गाडीत काय होईल विचार करा. फ्रीज पट्ट्याने आवळा, दाराला बाहेरून लॅच लावा, नाहीतर आंबोली घाटाच्या वळणावर दही खाली.

गाडीची स्टार्टर बॅटरी, म्हणजे इंजिन सुरू करणारी, यासाठी वापरायचीच नाही. लिथियम बॅटरीला अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) थेट चार्जिंग देऊ नका, इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर तापतो, मध्ये डीसी-डीसी चार्जर लावा, तो ठरावीक करंटच ओढतो. 30 अँपिअरचा असेल तर दोन तास ड्रायव्हिंगमध्ये पाऊण युनिट परत येतो, छतावरचं सोलर वेगळं, फक्त गाडी झाडाखाली लावली तर त्याच्या भरवशावर राहू नका.

रिसॉर्टवर बाहेरची लाईट घेताय तर आधी सॉकेटचं अर्थिंग तपासा, आणि ती लाईट व इन्व्हर्टरचा आउटपुट कधीच एकत्र जोडू नका, एका वेळी दोन्हींपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच लागतोच. स्विच बदलल्यावर फ्रीज लगेच चालू न करता पाचेक मिनिटं थांबा, आतलं प्रेशर बसू द्या. त्यानंतरही मागून टक् टक् येतंय आणि कंप्रेसर उचलत नाही, तर गॅस भरायला मेकॅनिक बोलवायच्या आधी तोच फ्रीज घरच्या सॉकेटला लावून बघा, तिथे नीट चालला तर वायर आणि इन्व्हर्टरपासून तपासायला सुरुवात करा.