बग्गीत बसण्यापूर्वी घोडा कसा पाहावा

जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या. कोलकात्यात व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर आणि म्हैसूरला राजवाड्याच्या परिसरात मात्र पर्यटकांसाठी घोडागाड्या दिसत आल्या आहेत, आणि आपल्याकडचे प्रवासी तेथे हौसेने बसतात. बहुतेकांचे लक्ष गाडीची सजावट आणि भाडे यांकडे असते. भाडे ठरवण्याआधीची पाच मिनिटे घोड्याला द्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काय पाहायचे हे माहीत असले, तर तेवढा वेळ पुरतो.

घोड्याजवळ मागून कधीही जाऊ नये, कारण अगदी पाठीमागचे त्याला दिसत नाही आणि दचकला की तो लाथ झाडतो. गाडीवानाची परवानगी घेऊन, हलक्या आवाजात बोलत, खांद्याच्या बाजूने जावे. डोळ्यांवर झापडे असतील तर त्याला बाजूचेही फारसे दिसत नाही, म्हणून आवाज आधी पोहोचू द्यावा.

सर्वांत आधी श्वास पाहावा. विसावलेला घोडा मिनिटाला साधारण ८ ते १६ वेळा श्वास घेतो. बरगड्यांमागची कूस वर-खाली होताना दिसते. ती अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावी. नुकतीच फेरी करून आलेल्या घोड्याचा आकडा जास्त असणारच, परंतु दहा-पंधरा मिनिटे सावलीत उभा राहूनही नाकपुड्या फुललेल्या आणि कूस धपापत असेल, तर त्या घोड्याला पुढची फेरी झेपणारी नाही.

घामाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण येथेच लोकांची फसगत होते. घोडा मुख्यतः घामानेच अंग थंड करतो, आणि कोलकात्यासारख्या दमट हवेत तो घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे अंगातील उष्णता बाहेर पडण्यास वेळ लागतो. ओला घोडा पाहून आपल्याला दया येते आणि कोरडा घोडा ताजातवाना वाटतो. परंतु शेजारचे सगळे घोडे घामाने निथळत असताना एखादाच कोरडा आणि धापा टाकत उभा असेल, तर खरा धोका त्यालाच असतो. उष्ण आणि दमट प्रदेशांत काही घोड्यांचे घाम येणेच कमी होते किंवा थांबते. अशा घोड्याला ताबडतोब सावली, पाणी आणि पशुवैद्याची गरज असते. पाण्याची बादली कोठे आहे, हे गाडीवानाला अवश्य विचारावे. घोड्याला दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहूनही अधिक.

त्यानंतर साज पाहावा. माझे आजोबा मिरजेच्या स्टेशनबाहेर टांग्यात बसण्यापूर्वी टांगेवाल्याला विचारून घोड्याच्या छातीवरच्या पट्ट्याखाली बोटे सरकवत आणि बाहेर काढून तळहाताकडे पाहत. हाताला नुसता घाम लागला तर ते गाडीत चढत; चिकट लस किंवा रक्त लागले तर दुसरा टांगा पाहत. छातीवरचा पट्टा, तंग म्हणजे पोटाखालून आवळलेला पट्टा, आणि लगामाची तोंडातली कडी जेथे घासते, म्हणजे छाती, काखा आणि ओठांचे कोपरे, तेथेच जखमा होतात, आणि झगमगीत झुलीखाली त्या सहज झाकल्या जातात.

पाय पाहताना घोडा चालताना पाहणे उत्तम. दुखऱ्या पुढच्या पायावर भार येताच घोडा मान वर उचलतो. उभ्या घोड्याने मागचा एक पाय ढिला सोडणे ही विश्रांतीची सवय असते. पुढचा पाय पुढे काढून भार टाळणे हे मात्र दुखण्याचे लक्षण आहे. डांबरी रस्त्यावर नाल झिजते आणि खूर वाढतच असतो, म्हणून साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडे जावे लागते. चालताना नाल खुळखुळत असेल तर ती सैल झालेली आहे.

कायदाही ठाऊक असावा. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार, गाडीवान आणि सहा वर्षांखालील मुले वगळता चारपेक्षा अधिक माणसे बसवता येत नाहीत. जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक किंवा विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळेत त्याला जुंपता येत नाही. जखमी किंवा आजारी जनावराला कामाला लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

काही खटकले तर बसू नये, आणि का बसत नाही हे गाडीवानाला आदराने, नेमक्या शब्दांत सांगावे. “पट्ट्याखाली जखम आहे, तिला आधी औषध लावा,” एवढे पुरते. त्याचे पोट या घोड्यावरच चालते. चार माणसांसमोर त्याला अपमानित केल्यास तो पुढच्या वेळी जखम अधिक काळजीपूर्वक झाकेल, एवढेच होईल. घोडा कोसळला असेल किंवा उघड्या जखमेनिशी जुंपलेला असेल, तर मात्र वेळ आणि जागा नोंदवून, छायाचित्र घेऊन पोलिसांना किंवा स्थानिक प्राणिकल्याण संस्थेला कळवावे.

सर्व ठीक असेल तर निर्धास्त बसावे, पण दौड करायला सांगू नये. पाव, पोळी किंवा मिठाई खाऊ घालू नये. घोड्याला ओकारी काढता येत नाही, आणि भलते खाणे पोटशूळ उठवून त्याच्या जिवावर बेतू शकते. उतरल्यावर कुशीची हालचाल पुन्हा एकदा मोजावी आणि घोड्याला पाणी पाजून झाल्याशिवाय पुढची सवारी घेऊ नये, असे गाडीवानाला सांगून मगच भाडे हातात द्यावे.