केव्ह डायव्हिंगचा छंद: पैसे किती आणि कोणत्या क्रमाने

भारतात राहून केव्ह डायव्हिंग, म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहांमधलं डायव्हिंग, शिकायचं म्हटलं, तर अगदी शून्यापासून ‘फुल केव्ह’च्या (गुहेत आतवर जाण्याच्या कोर्सच्या) प्रमाणपत्रापर्यंत सामानासकट ढोबळमानाने १३ ते साडेतेरा लाख रुपये लागतात. आकडा ऐकून पोटात गोळा येतो खरा, पण तो दोन-तीन वर्षांत विभागला जातो. बहुतेकांचं गणित चुकतं ते क्रमात. आधी चकचकीत सामान घेतलं जातं आणि शिकायची वेळ येते तेव्हा खिसा रिकामा असतो. म्हणून आधी समुद्रातले डायव्ह, मग कोर्स आणि खरेदी सगळ्यात शेवटी. खालचे सगळे आकडे अंदाजे आहेत, डॉलर ९० रुपयांना धरलाय.

१. आधी साधं स्कूबा पक्कं करा

मालवण-तारकर्लीला पंधरा-वीस मिनिटं हात धरून पाण्याखाली नेतात, ते इथे मोजू नका. ‘ओपन वॉटर’ (सुरुवातीचा), ‘ॲडव्हान्स्ड’ (त्यापुढचा) आणि ‘नायट्रॉक्स’ (जास्त ऑक्सिजनची हवा वापरण्याचा) असे तीन कोर्स लागतील. अंदमान, गोवा, पुदुच्चेरी किंवा तारकर्लीतल्या संस्थेत तिन्ही मिळून ७० ते ९० हजार रुपये धरा. कोकण-गोव्याचा समुद्र पावसाळ्यात बंद असतो, त्यामुळे रजा ऑक्टोबर ते मेमध्ये बसवा.

त्यानंतर नुसते डायव्ह करत राहा. पुढच्या कोर्ससाठी किती डायव्ह हवेत याची अट संस्थेगणिक वेगळी असते, पण ५०च्या आत गुहेचा विचारही करू नये असं माझं मत आहे. एका डायव्हला सरासरी तीन-साडेतीन हजार, म्हणजे दीड लाखाच्या वर गेलेच. प्रवास आणि राहणं धरून हा टप्पा तीन लाखांपर्यंत जातो. या डायव्हमध्ये मासे बघण्याबरोबर एक काम करा: तळापासून हातभर वर, हात न हलवता, वाळूचा कणही न उडवता स्थिर राहायला शिका. गुहेत एक चुकीची लाथ बसली की गाळ उठतो आणि स्वतःचा हात दिसेनासा होतो. हे इथे जमवून गेलात, तर पुढे परदेशातल्या कोर्सचे डॉलरमध्ये मोजलेले दिवस वाचतात.

२. ‘कॅव्हर्न’ कोर्स करून स्वतःला तपासा

हा कोर्स दोन-तीन दिवसांचा असतो. त्यात गुहेच्या तोंडाचा सूर्यप्रकाश दिसतो तिथवरच जायचं. फी ४०० ते ७०० डॉलर, सामान भाड्याचं चालतं. डोक्यावर छत आल्यावर आपलं मन कसं वागतं, हे इथे कळतं. नाही आवडलं तर खुशाल थांबा. मोठा खर्च अजून झालेलाच नाही.

शिकायची जागा म्हणजे मुख्यतः मेक्सिकोचा युकातान (तुलुम, प्लाया देल कार्मेन) नाहीतर उत्तर फ्लोरिडाचे झरे. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना फ्लोरिडा सोयीचं: विमानखर्च थोडा आणि टाक्या भरून घेणं स्वस्त. फक्त गाडी आणि मोटेल धरायला विसरू नका.

३. ‘इंट्रो’ आणि ‘फुल केव्ह’: इथे घासाघीस नको

कॅव्हर्ननंतरचे हे दोन कोर्स सूर्यप्रकाशाच्या पलीकडे नेतात. दोन्ही मिळून आठेक दिवस आणि २,००० ते ३,००० डॉलर. स्वस्त प्रशिक्षक शोधत बसू नका, पण फीमध्ये काय-काय येतं ते मात्र लेखी विचारा. सेनोटेचं (युकातानमधल्या पाण्याने भरलेल्या नैसर्गिक कुंडाचं, जिथून गुहेत उतरतात) प्रवेशशुल्क, टाक्यांचं भाडं, गाडी आणि प्रशिक्षकाचं स्वतःचं प्रवेशशुल्क बऱ्याचदा विद्यार्थ्याच्या माथी येतं. या किरकोळीतच ५०० ते ७०० डॉलर जातात.

टाक्यांचा खर्च फुगतो तो हवेच्या नियमामुळे. एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला आणि उरलेली अडचणीसाठी. २०० बारची (बार हे हवेच्या दाबाचं माप) टाकी साधारण १३५ बारवर आली की मागे फिरायचं, समोर कितीही सुंदर दालन असो. शिवाय टाक्या दोन लागतात. शेक एक्स्ली या अमेरिकी डायव्हरने गुहांमधल्या अपघातांचा अभ्यास करून १९७९ मध्ये जे नियम मांडले, त्यात हा होता; बाहेरची वाट चुकू नये म्हणून बाहेरपर्यंत अखंड दोरी आणि खोलीची मर्यादा हे दुसरे दोन.

दोरीचा सराव फुकटात होतो. सोसायटीच्या बागेत झाडांना सुतळी गुंडाळा, डोळे बांधा आणि बोटांच्या कडीत दोरी धरून दुसऱ्या टोकापर्यंत जा. कोर्समध्येही जमिनीवर हेच करून घेतात. वॉचमन विचारेल, त्याला सांगा काहीतरी.

मुंबईहून विमान, दोन आठवडे राहणं-खाणं आणि कॅव्हर्नपासून फुल केव्हपर्यंतची फी धरून हा प्रवास साडेपाच-सहा लाखांत बसतो.

४. सामान आता घ्या

आपला प्रशिक्षक काय वापरतो ते पाहून ठरवा. पाठीवर दोन टाक्या की दोन्ही कुशींना एकेक (साइडमाउंट), हे ठरल्याशिवाय काही घेऊ नका.

रेग्युलेटरचे (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राचे) दोन संच १,००० ते १,५०० डॉलर. ते ‘डिन’ जोडणीचेच घ्या, कारण ही जोडणी टाकीच्या आत आट्यांनी बसते आणि छताला आपटली तरी सहसा निसटत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच टाक्या ‘योक’ (बाहेरून पकडीने बसणाऱ्या) पद्धतीच्या असतात, तेव्हा एक ॲडॉप्टर जवळ असू द्या. हार्नेस (टाक्या बांधायचे पट्टे) आणि विंग (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी) ६०० ते ९००, खोली आणि वेळ मोजणारा डायव्ह कॉम्प्युटर ५०० ते १,२००. दिवे तीन: मुख्य दिवा ६०० ते १,५०० आणि राखीव दोन मिळून दोनेकशे. दोरी गुंडाळायची रील, स्पूल वगैरे ३०० डॉलर. दोरीवर अडकवायचे प्लास्टिकचे बाण मात्र एकेक डॉलरच्या घरातले. त्यांचं टोक नेहमी बाहेर पडायच्या दिशेला असतं.

ड्रायसूटची (अंग कोरडं ठेवणाऱ्या पोशाखाची) घाई नको. युकातानचं पाणी २४-२५ अंश असतं, तिथे जाड वेटसूट पुरतो. टाक्या तर विकत घेऊच नका. सगळं मिळून साडेचार लाखांच्या आसपास. मुख्य दिवा वापरलेला घेतलात तर चालेल. रेग्युलेटर वापरलेला घेतलात तर आधी पूर्ण सर्व्हिसिंग करून मगच पाण्यात न्या.

५. दरवर्षीचा खर्च

आपल्या नेहमीच्या आरोग्यविम्यात साहसी खेळ बहुतेकदा वगळलेले असतात, म्हणून डायव्हरचा स्वतंत्र विमा घ्या आणि त्यात गुहा येतात का ते वाचून बघा. टर्म इन्शुरन्स काढताना हा छंद लपवू नका. नाहीतर घरच्यांचा दावा अडकू शकतो. रेग्युलेटरची सर्व्हिसिंग वर्ष-दोन वर्षांतून करावीच लागते. आणि दरवर्षी एक गुहावारी, ती अडीच-तीन लाखांची. एखादं वर्ष चुकलं, तर पुढच्या खेपेला पहिले दोन दिवस गाइडसोबत सोप्या गुहेत घालवा. त्याचे दिवसाला २०० ते ३०० डॉलर बजेटमध्ये आधीच लिहून ठेवा.