पिकअपचा फ्यूज उडाला तर: शोधायचा कसा, बदलायचा कसा

संत्र्याच्या अंबिया बहाराचे दिवस होते. काटोलहून संत्रा भरून रात्री नागपूरच्या कळमना मार्केटला निघालो होतो. फेटरीच्या अलीकडे एक ट्रकवाला बाजूला आला आणि काच खाली करून ओरडला, "भाऊ, मागचे लाइट बंद आहेत तुमचे!" उतरून पाहिलं तर ब्रेक लाइट लागत होते, पण पार्किंग लाइट आणि नंबर प्लेटचा दिवा दोन्ही बंद. 10 अँपिअरचा फ्यूज उडाला होता. नवा लावला, लाइट लागले, आणि पहिल्याच खड्ड्यात पुन्हा गेले. सोबतचा म्हणाला, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा, घरी पोहोचू. मी नाही म्हणालो आणि आजही कोणालाही नाहीच म्हणेन. फ्यूज बल्बला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. चांदी लावली की फ्यूजऐवजी वायर तापते आणि आग थेट डॅशबोर्डमागे लागू शकते.

म्हणून फ्यूजला हात लावण्याआधी काय काय बंद आहे ते नीट बघा. एकच दिवा गेला असेल तर बहुधा बल्ब किंवा होल्डर. एका बाजूचा इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा बल्ब गेला, फ्यूज ठीक आहे. दोन-तीन गोष्टी एकदम बंद पडल्या तर फ्यूजकडे वळा, कारण बऱ्याचदा त्या एकाच फ्यूजवर असतात. सगळंच बंद असेल तर बॅटरीचे टर्मिनल आणि मेन फ्यूज आधी.

फ्यूज बॉक्स बहुतेक पिकअपमध्ये दोन असतात. एक डॅशबोर्डखाली, दुसरा बॉनेटमध्ये बॅटरीजवळ. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त, प्रत्येकाची मांडणी वेगळी, आणि मॉडेल बदललं की तीही बदलते. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका. झाकणाच्या आतला नकाशा किंवा गाडीसोबतचं पुस्तक बघा. झाकण हरवलं असेल तर पुस्तकातल्या त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

आता किल्ली बंद करा आणि बॉक्समधल्या छोट्या प्लास्टिकच्या चिमट्याने फ्यूज सरळ वर ओढा. उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली, वरचं पारदर्शक प्लास्टिक काळवंडलेलं म्हणजे जास्त करंट गेला. पट्टी शाबूत पण प्लास्टिक वितळलेलं, पाय पिवळे-निळे पडलेले, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे फ्यूजची बैठक, म्हणजे तो ज्या खाचेत बसतो ती, सैल झाली आहे आणि सांधा तापतोय. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, वर बॉनेटखालची गरमी. आधीच सैल असलेली बैठक त्यात आणखी लवकर खराब होते. अशा ठिकाणी कितीही नवे फ्यूज लावा, काही दिवसांत तेच होणार. ती बैठकच बदलून घ्या.

डोळ्यांनी खात्री पटत नसेल तर टेस्ट लॅम्प वापरा, म्हणजे एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेला छोटा तपासणी दिवा. त्याचा क्लिप चेसिसच्या उघड्या लोखंडाला लावा आणि आधी बॅटरीच्या प्लसवर टेकवून तो पेटतो का बघा. मग किल्ली आणि संबंधित स्विच चालू करून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक उघड्या ठिपक्यांना टोक लावा. दोन्हींवर पेटला तर फ्यूज चांगला. एकाच बाजूला पेटला तर उडालेला. कुठेच नाही पेटला तर करंट फ्यूजपर्यंतच येत नाही, रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा डबीसारखा स्विच) किंवा स्विच तपासा. रिलेवर शंका असेल तर त्याच बॉक्समधला अगदी त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून बघा. एक सावधगिरी: एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना आणि इंजिनच्या कॉम्प्युटरच्या वायरींना हा दिवा कधीच लावायचा नाही. बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांत तर विशेष जपा.

नवा फ्यूज त्याच अँपिअरचा. रंग लक्षात ठेवा: लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. तरी वरचा आकडा वाचाच. बरेच जण हेडलाइटला 100 वॅटचे बल्ब लावतात आणि मग फ्यूजला दोष देतात. हिशेब साधा आहे: 12 व्होल्टवर 100 वॅट म्हणजे 8 अँपिअरच्या वर, दोन बल्ब म्हणजे 16 च्या वर. दोन्ही बल्ब एकाच 15 च्या फ्यूजवर असतील तर तो आज ना उद्या उडणारच. तिथे 20 चा लावला तर बारीक वायर तापेल. जास्त वॅटचे दिवे हवेच असतील तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर, वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज टाकून घ्या.

दुसरा फ्यूजही उडाला तर थांबा. तिसरा लावू नका, शॉर्ट शोधा, म्हणजे उघडी पडलेली वायर कुठे लोखंडाला टेकतेय ते बघा. त्या रात्रीनंतर सकाळी मी हेच केलं. त्या लाइनवरचे सगळे बल्ब काढले, फ्यूज काढला आणि त्याच्या दोन खाचांत वायरी घालून 21 वॅटचा जुना बल्ब जोडला. लाइटचा स्विच चालू केला. शॉर्ट असेपर्यंत हा बल्ब पूर्ण पेटतो, शॉर्ट सुटला की विझतो. फ्यूज उडत नाही, वायर जळत नाही. मग डाल्याखाली (माल भरायच्या मागच्या भागाखाली) शिरून मागून पुढे वायरिंग हातभर हातभर हलवत गेलो आणि भाच्याला बल्बकडे बघायला बसवलं. मागच्या चाकाजवळ चेसिसच्या पत्र्याच्या कडेवरून वायरिंग जात होतं, क्लिप तुटलेली. तिथे हात लावताच तो ओरडला, "मामा, विझला!" तपकिरी वायरीचं आवरण नखाएवढं घासलं होतं, आतली तांब्याची तार चकाकत होती. खड्डा आला की ती पत्र्याला टेकायची.

अशा जागी नुसती टेप गुंडाळू नका. जखम साफ करा, गरम करून आवळणारी नळी चढवा, वर जाळीदार पाइप घाला आणि नवी क्लिप लावून वायरिंग कडेपासून दूर बांधा. गाडी चार दिवस उभी राहिली असेल तर उंदरांनी कुरतडलेलंही बघा.

फ्यूज चांगला, बल्ब चांगला, तरी दिवा मंद? ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही उजळतो? मग अर्थिंग. मागच्या दिव्याची अर्थची वायर चेसिसला जिथे बोल्टने कसलेली असते, तिथला गंज पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासा आणि पुन्हा घट्ट कसा. पावसाळ्यानंतर हे काम वारंवार निघतं.

बॅटरीजवळचा नट-बोल्टने कसलेला मेन फ्यूज मात्र असा ओढून निघत नाही. आधी बॅटरीचा मायनस सोडा, काम झाल्यावर तोच शेवटी लावा. मेन फ्यूज विनाकारण जात नाही, त्यामुळे तो गेला असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवूनच गाडी चालू करा.

सगळं झालं आणि तपासायला सोबत कोणी नसेल, तर अंधार पडल्यावर गाडी भिंतीला पाठ करून लावा. पार्किंग लाइट लावा, मग ब्रेक दाबा, मग इंडिकेटर. भिंतीवर पडणारा उजेड आरशात दिसतो.