ई-रीडर आणि वाचनाचे ॲप निवडताना मराठी वाचकाने काय तपासावे

यंत्राची किंमत पाहण्याआधी आठवडाभर आपण काय वाचतो, कुठे वाचतो आणि एका बैठकीत किती वेळ वाचतो, याची नोंद ठेवावी. भुसावळ-सुरत गाडीने ये-जा करणारा नोकरदार, केळीला पाणी देताना बांधावर बसून वाचणारा शेतकरी आणि धुळ्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी विद्यार्थिनी या तिघांना एकच यंत्र सोयीचे पडणार नाही.

कथा-कादंबऱ्या तासन्‌तास वाचणाऱ्यांनी ई-इंक (इलेक्ट्रॉनिक शाईच्या) पडद्याचा ई-रीडर, म्हणजे खास पुस्तके वाचण्यासाठीचे यंत्र, घ्यावा. हा पडदा बाहेरून पडणारा प्रकाशच परावर्तित करतो. म्हणून मोबाइलवर काही दिसेनासे होते अशा लख्ख उन्हातही त्यावरचे अक्षर ठळक दिसते आणि बॅटरीही कित्येक दिवस पुरते. रंगीत नकाशे आणि आकृत्या सतत लागत असतील, तर मात्र टॅब्लेटच बरा.

यानंतर आपल्याजवळच्या फाइली तपासाव्यात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. पीडीएफमध्ये पानाची मांडणी पक्की असते, त्यामुळे ए-फोर आकाराचे पान सहा इंची पडद्यावर आणले की अक्षर बारीक होते आणि ते मोठे केले की प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवावी लागते. मराठीतील पुष्कळ जुनी पुस्तके स्कॅन केलेल्या पीडीएफ स्वरूपातच मिळतात. तुमचे वाचन प्रामुख्याने तेच असेल, तर दहा इंचांच्या आसपासचा पडदा घ्यावा किंवा पानाचे समास कापून दाखवणारे केओरीडरसारखे मोफत ॲप वापरावे. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात मजकूर पडद्याच्या मापाने आपोआप जुळतो. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातील पुस्तके ईपब स्वरूपात उतरवून घेता येतात. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेले साने गुरुजी १९५० साली वारले; भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर केबलने टाकलेली ईपब फाइल उघडत नाही, ती ‘सेंड टू किंडल’ या सेवेने पाठवावी लागते. कोबो या दुसऱ्या ई-रीडरवर ती थेट उघडते.

आता ॲपची परीक्षा घ्यावी, आणि ती पैसे न मोडता मोबाइलवरच होते. रीडएरा किंवा गूगल प्ले बुक्समध्ये एखादे मराठी ईपब उघडून ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाङ्मय’, ‘राष्ट्र’ हे शब्द नीट न्याहाळावेत. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र सुटा पडत असेल किंवा ‘वाङ्मय’मधल्या ङ च्या जागी चौकोन दिसत असेल, तर ॲपमध्ये सोय असल्यास ‘मुक्त’ नावाच्या फॉन्टसारखा मोफत फॉन्ट लावून पाहावा, तरीही अक्षर सुधारले नाही, तर ते ॲप सोडून द्यावे. मग पुस्तकातला एखादा शब्द शोधून पाहावा. युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षर-संकेतपद्धती येण्याआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या पीडीएफमध्ये डोळ्यांना मराठी दिसते, पण शोध लागत नाही आणि नक्कल केली की भलतीच चिन्हे उमटतात. संदर्भासाठी वाचणाऱ्याला अशी फाइल निरुपयोगी आहे.

खरेदी करताना दुकानात आपलीच फाइल उघडून दाखवायला सांगावे. ऑनलाइन घेत असाल, तर परतीची मुदत आधी वाचावी. उन्हात दिसणारा पडदा उष्णताही सोसतो असे नाही. बऱ्याच ई-रीडरसाठी वापराची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सियस दिलेली असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो. म्हणून उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत तो ठेवू नये.